समुद्रापासून एक घर लांब

परवा रात्री माझी मुंबई बुडाली. पाण्यात नव्हे. पाणी तर तिच्या वाट्याला आलंच नाही, तिथेच सगळं फिसकटलं.

सिव्हिलायझेशन फोर हा गेम २००५ चा, माझा लॅपटॉपसुद्धा त्याच्याहून तरुण आहे. भाच्याने दिवाळीत घालून दिला आणि तेव्हापासून रात्रीची भांडी आवरली की मी इ.स.पू. ४००० मध्ये जाते. भारत घेऊन खेळलं की गेम शहरांची नावं आपणहून देतो. पहिलं दिल्ली, दुसरं बॉम्बे. ते मी लगेच बदलून मुंबई करते. तेवढं तरी आपल्या हातात.

ही मुंबई मी वसवली ती डावीकडची डुकरं बघून. नकाशावरचा एकेक चौकोन म्हणजे एक घर; कुरण बांधलं की त्या एका घरातून ६ अन्न मिळतं, आणि एक माणूस खातो २. हिशेब चोख होता. शेजारी नदीकाठचा मका, तोही पाणी दिल्यावर ६. समुद्र उजवीकडे दिसत होता, म्हटलं तोही आलाच की. तो नुसताच दिसत राहिला. शहर किनाऱ्याला चिकटलेलं नसेल तर दीपगृह बांधता येत नाही. दीपगृह नाही म्हणजे पाण्याच्या प्रत्येक घरातून एकच अन्न, आणि तिथे राबणारा माणूस दोन खाणार. पाण्याची पाच घरं ताब्यात, पण कुणाला पाठवावं असं एकही नाही. बंदर नाही, होडी नाही. भाचा फोनवर खो खो हसला. "मावशी, तू मुंबई नाही वसवलीस, डोंबिवली वसवलीस!" मी डोंबिवलीतच राहते. आम्हाला खाडी तरी आहे, हे त्याला सांगायचं राहून गेलं.

पण खरा घोळ पुढचाच. सहा शहरं झाली आणि मी सहाही शहरांत सगळं बांधत सुटले: बराकी, ग्रंथालय, बाजार, भट्टी. आईपणाची खोड, एकाला दिलं की दुसऱ्यालाही द्यायचं. मुंबईत हातोडे, म्हणजे बांधकामाची ताकद, मोजून चार, त्यात बाजार कधी पुरा व्हायचा? तोवर कॉम्प्युटरचा अ‍ॅझ्टेक राजा मोंतेझुमा आला. त्याने दिल्लीभोवतीची टाउन लुटली, पैसा देणारी कॉटेज वाढत वाढत होतात ती. कॉटेजचं टाउन व्हायला ७० चाली लागतात, त्याला एक घर लुटायला एक पुरली. मुंबई तर त्याने जाता जाता घेतली.

मग मी पहिला ऑटोसेव्ह, गेमने आपणहून जपलेला डाव, उघडला. तोच नकाशा, तीच नदी.

या वेळी सेटलर, म्हणजे शहर वसवणारा गडी, एक घर पूर्वेला सरकवला. शहराच्या ताब्यातली जमीन म्हणजे ५ बाय ५ चा चौकोन, चारही कोपरे कापलेला. शहराचं स्वतःचं घर सोडून २० घरं. एक पाऊल सरकलं की पाच घरं हातची जातात आणि पाच नवी येतात. गेलेल्या पाचांत डुकरं होती. जीव तुटला. आलेल्या पाचांत मासे: होडी घातली की ५, दीपगृह झालं की ६. म्हणजे डुकरांची बरोबरी. मका होता तिथेच राहिला.

आता या मुंबईत दोनच माणसं कमावतात, एक मक्यावर, एक माशांवर. बाकीचे दोघे ग्रंथालयात बसून शास्त्रज्ञ. एकेकाचे ३ गुण, म्हणजे चालीला ६. शंभर झाले की थोर शास्त्रज्ञ जन्मतो, सतराव्या चालीला. त्याला मुंबईत ठेवायचं नाही. तो चालत दिल्लीला जातो आणि तिथे अकादमी काढतो, कारण कॉटेजचा पैसा सगळा तिकडे आहे आणि अकादमीने संशोधन दीडपट होतं ते तिथल्यावरच. ऑक्सफर्ड विद्यापीठही दिल्लीलाच द्यायचं, असली राष्ट्रीय आश्चर्यं एका शहरात दोनच मावतात. टेकड्यांमधल्या तिसऱ्या गावाला मी फक्त बराकी दिल्या. ते बारा महिने सैनिक घडवतं. तिथल्या ग्रंथालयाच्या बटणाकडे माझा हात अजून जातो, पण मी माउस उचलून बाजूला ठेवते.

काल मोंतेझुमा पुन्हा आला. टेकडीवाल्या गावाने त्याला सीमेवरच धरला, दिल्लीच्या एका कॉटेजलाही धक्का लागला नाही.

हे पाणी प्यायला उठले होते. मागे उभं राहून त्यांनी मुंबईचा पडदा नीट वाचला आणि म्हणाले, "बाजार नाही? बँक नाही? मुंबईत?"

"मासे आहेत," मी म्हटलं.