उपदेशात सिद्धांत कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना कुणीतरी म्हणतंच, "पाळकसाहेब, त्रैक्य, प्रायश्चित्त हे सगळं कशाला? प्रेमाबद्दल बोला. सिद्धांतानं फूट पडते." त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव; प्रायश्चित्त म्हणजे ख्रिस्तानं आपल्या पापाची शिक्षा स्वतः भोगणं.

फूट पडते, हे खरं. बालकांना बाप्तिस्मा द्यावा की नाही, एवढ्यावरून मंडळ्या वेगळ्या झाल्यात. पण आपण काय मानतो आणि का मानतो हे व्यासपीठावरून सांगितलंच नाही, तर बाप्तिस्मा लोकांना नुसती रीत वाटू लागते.

मी स्वतः बरीच वर्षं हे टाळलं. मग एका आईच्या घरी जाऊन बसलो. तिचं बाळ तीन दिवसांपूर्वी गेलं होतं. टोपड्याची नाडी ती बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. बऱ्याच वेळानं म्हणाली, "माझ्या पापाची शिक्षा देवानं त्याला दिली का?"

देव प्रीती आहे, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तेवढ्यानं तिची भीती जात नव्हती. मी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 8 वा अध्याय उघडला. ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. म्हटलं, बाई, तुमच्या पापाची शिक्षा वधस्तंभावर भोगून झाली. ती दुसऱ्यांदा कुणाकडून घेतली जात नाही, बाळाकडून तर नाहीच.

हाच प्रायश्चित्ताचा सिद्धांत. आणि तो उभा आहे तो ख्रिस्त कोण, यावर. चौथ्या शतकातला आरियस नावाचा पाळक म्हणत होता, पुत्र निर्माण केलेला आहे, तो नव्हता असाही काळ होता. तसं असेल तर देवानं आपल्या पापाचं ओझं दुसऱ्याच कुणावर टाकलं, तो स्वतः आलाच नाही. 325 साली निकीया इथं जमलेल्या बिशपांच्या परिषदेनं पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, म्हणजे तोही तितकाच देव आहे, असं ठामपणे का म्हटलं, ते मला त्या घरात, त्या टोपड्यासमोर कळलं.

निघताना तिनं विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?" नऊ वर्षं ती माझे उपदेश ऐकत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मी उपदेशांसाठी 1563 ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून ख्रिस्ती विश्वास शिकवणारं पुस्तक, घेतली आहे. तिचे 52 भाग आहेत, वर्षातल्या प्रत्येक रविवारी एक. येत्या रविवारी पहिला प्रश्न: जगताना आणि मरताना तुझं एकमेव सांत्वन कोणतं?