खडकवासला ते संगम: मुठेकाठी विद्यार्थ्यांना नेणाऱ्यांसाठी

पुण्याची मुठा नदी विद्यार्थ्यांना दाखवायलाच हवी. मात्र सध्या हा दौरा ज्या तयार स्वरूपात शाळांच्या गळ्यात मारला जातो, तसा घेऊ नका. आम्ही असा दौरा घेतला तेव्हा माणशी साडेनऊशे रुपये घेतले गेले. त्यात बस, पोहे, मार्गदर्शक आणि ‘जलपरीक्षण संच’. संचाची पिशवी उघडल्यावर हाती आलं ते एक टीडीएस पेन (आठ मुलांत एक), पीएचच्या कागदी पट्ट्या, प्लास्टिकचा पेला आणि आधीच छापून ठेवलेलं प्रमाणपत्र. एवढ्या सामानात नदीचा अभ्यास होत नाही. उलट मुलं चुकीची गोष्ट पक्की करून घरी जातात.

चुकीची म्हणजे किती, ते बघा. टीडीएस पेन पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. धरणाचं पाणी मऊ, आकडा शंभराच्या आसपास. नळाचं पाणी वापरून झालं की त्यात दोन-तीनशेची भर पडते, म्हणजे मैलापाण्याचा आकडा साधारण चारशे. बेसॉल्टच्या भेगांतून आलेलं बोअरवेलचं पाणी मात्र सातशे-आठशे सहज दाखवतं. आता नववीच्या मुलांनी तिन्ही आकडे शेजारी मांडले की निष्कर्ष एकच निघतो: नाल्याचं पाणी बोअरवेलपेक्षा शुद्ध. मुलांनी वहीत तसंच लिहिलं आणि मार्गदर्शकाने त्यावर मान डोलावली. पेन टाकून द्या असं नाही. एकाच नदीवर वरून खाली जाताना आकडा अचानक वाढला, तर मध्ये काहीतरी मिसळलं एवढं ते नक्की सांगतं. पण मैला, जंतू, ऑक्सिजन यांतलं काहीही त्याला कळत नाही.

नदी जिवंत आहे का, हे विरघळलेल्या ऑक्सिजनवरून समजतं, आणि विंकलर पद्धत शाळेला जमण्यासारखी आहे. ३०० मिलीच्या काचेच्या बुचाच्या बाटल्या घ्या. बाटली पाण्याखाली तिरकी धरून सावकाश भरा, एकही बुडबुडा राहता कामा नये. पाण्याशी जाता येत नसेल तर पुलावरून दोरीने बादली सोडा आणि रबरी नळी बाटलीच्या तळाशी नेऊन पाणी आत सोडा. बाटली दोनदा ओसंडून वाहू द्या. बादलीतून थेट ओतलंत तर ओतताना हवा मिसळते आणि मेलेलं पाणीही जिवंत दिसतं. मग पिपेटचं टोक पाण्यात बुडवून २ मिली मँगनीज सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. बूच लावून बाटली पंधरा-वीस वेळा उलटीसुलटी करा.

खरा धडा इथे डोळ्यांसमोर घडतो. धरणाखालच्या बाटलीत गडद तपकिरी साका धरतो आणि ढगासारखा खाली बसतो. खाली शहरातल्या विठ्ठलवाडीच्या बाटलीत साका जवळजवळ पांढरा राहिला. पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाही. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवा, मुलं आपोआप गप्प होतात आणि पुढचे प्रश्न स्वतःच विचारतात.

पुढचं काम शाळेत. साका धरलेल्या बाटल्या अंधारात, बूच घट्ट ठेवून आणल्या तर सहा-आठ तास टिकतात. त्यांत २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला, २०० मिली नमुना घ्या आणि ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करा. रंग फिकट पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला, आधी नको. या मापात १ मिली थायोसल्फेट म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन, हिशेब तोंडी होतो. पुण्याच्या उंचीवर २५ अंशांना पाण्यात साडेसात-आठपर्यंत ऑक्सिजन मावतो. मासे जगायला किमान ४ हवा, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. आम्ल आणि अल्कली शिक्षकानेच हाताळावी, चष्मा आणि हातमोजे घालून. नदीकाठी आम्लाची बाटली न्यायची गरजच नाही.

वेळेचं भान सगळ्यांत जास्त चुकतं. पाण्यावर हिरवं शेवाळ असेल तर दुपारी दोनला ऑक्सिजन भरपूर दिसतो, दहाच्याही वर जातो, कारण शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं आणि पहाटे आकडा तळाला जातो. म्हणून सगळे नमुने सकाळी सात ते दहाच्या आत घ्या, आणि प्रत्येक नमुन्यापुढे वेळ आणि पाण्याचं तापमान लिहा. ज्या तक्त्यात वेळेचा रकाना नाही तो तक्ता कुचकामी.

आता त्या टप्प्याबद्दल, ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं. नांदेड–शिवणे पुलाजवळ उतरून काठाकाठाने खाली चालायचं, असं कार्यक्रमपत्रिकेत होतं. ‘धरणाच्या खाली, शहराच्या वर, म्हणून सर्वांत स्वच्छ पाणी. सोपी दीड किलोमीटरची वाट. मुलांना घोट्याएवढ्या पाण्यात उतरता येईल.’ यातलं एकही वाक्य खरं नाही. वाट अशी नाहीच. बांधकामांचा राडारोडा काठावर ओतलेला, त्यावर वेड्या बाभळीचं रान. खाली काळे कातळ, त्यांवर निसरडा थर, आणि कातळांच्या मधल्या खळग्यांत काळा गाळ. पाय घातला की सडक्या अंड्यांचा वास वर येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे तळाशी ऑक्सिजन संपल्याचा. दोन्ही काठांच्या वस्त्यांचं सांडपाणी इथेच नदीत उतरतं, त्यामुळे नाल्यांची तोंडं ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. फुटक्या काचा तर जागोजागी. दीड किलोमीटरला दोन तासांहून जास्त लागले, मुलांच्या पिंढऱ्या काट्यांनी ओरबाडल्या, आणि ओरखडे घेऊन त्याच पाण्यातून जावं लागलं. धडधाकट, ट्रेकला सरावलेल्या मुलांचे हे हाल झाले.

निकाल साफ आहे: हा टप्पा चालू नका. पुलापाशी बस थांबवा, नमुना घ्या, पुन्हा बसा. खाली उतरायचंच असेल तर दीड मीटरच्या बांबूवर दर १० सेंटीमीटरला खूण करून न्या आणि शिक्षकाने पुढे राहून तळ चाचपावा. बांबू गाळात एका खुणेपेक्षा जास्त रुतला तर मुलांना तिथून मागे फिरवा. गमबूट घालू नका, त्यांत पाणी भरतं आणि गाळात ते अडकून बसतात. मागे पट्टा असलेले सँडल आणि जाड मोजे बरे. ज्यांच्या पायाला जखम आहे त्यांनी पाण्यात अजिबात पाय घालायचा नाही. दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाला तेवढी वाट पुरते.

मुळात धरणाखाली नदीत पाणी इतकं कमी का, हे त्या मार्गदर्शकाने सांगितलंच नाही, आणि पाणीबचत शिकवायची तर सुरुवात तिथूनच होते. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांचा मिळून साठा २९.१५ टीएमसी. त्यात खडकवासल्याचा स्वतःचा फक्त १.९७, बाकी वरच्या तिघांतून येतं. १ टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. हे पाणी नळवाटे आणि कालव्याने पुण्याला, आणि कालव्याने पुढे दौंड-इंदापूरच्या शेतीला जातं. पावसाळा सरला की नदीपात्रासाठी फारसं उरत नाही. शहरात जी ‘नदी’ दिसते तिच्यात बरंचसं आपणच वापरून सोडलेलं पाणी असतं. मुलांना आधी भरून वाहणारा कालवा दाखवा आणि मग पात्र. क्रम उलटा केलात तर मुद्दा पोचत नाही.

प्रवाह मोजायला सोपी रीत आहे. पात्राचा सरळ १० मीटरचा तुकडा निवडा, वरच्या टोकाला लिंबू सोडा, खालच्या टोकाला घड्याळ लावून वेळ घ्या. असं तीनदा. थर्मोकोलचा तुकडा नको, वाऱ्याने पळतो. रुंदी गुणिले सरासरी खोली गुणिले वेग, आणि त्याला ०.८५ ने गुणायचं, कारण पृष्ठभागाचा वेग तळापेक्षा जास्त असतो. समजा रुंदी ६ मीटर, खोली ०.२५ आणि वेग सेकंदाला ०.४ मीटर. उत्तर ०.५१ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ५१० लिटर, साधारण १८ क्युसेक. मग पावसाळ्यात बातम्यांतला ‘विसर्ग तीस हजार क्युसेक’ म्हणजे काय, हे मुलांना पहिल्यांदा कळतं.

जलचरांसाठी महाग जाळी घेऊ नका. चहाची मोठी गाळणी, पांढरा ट्रे आणि मऊ ब्रश पुरे. खळाळत्या जागी दगड उचलून त्याची खालची बाजू ट्रेमध्ये ब्रशने झाडा. तीन शेपट्यांची, पोटाच्या कडेला कल्ले थरथरवणारी मेफ्लायची पिल्लं दिसली तर पाणी बरं. खड्यांचं घर करून राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या मिळाल्या तर फारच छान. लालभडक, वळवळणाऱ्या कायरोनॉमिडच्या अळ्या आणि गाळात डोकं खुपसलेले ट्युबिफेक्स नावाचे बारीक कृमी एवढेच दिसले तर ऑक्सिजन फार कमी. त्या लाल का, तर त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि थोड्याशा ऑक्सिजनवर त्या भागवतात. दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. ही एक सवय लागली तरी दौरा फुकट गेला नाही. निवळी आणि गप्पी कुठल्याही पाण्यात भेटतात, त्यांवरून काही ठरवू नका.

बाकीचे थांबे थोडक्यात. खडकवासला चौपाटी छान आहे, कणीस खा आणि निघा. पाण्यात कुणालाही उतरू देऊ नका, काठ एकदम खोल होतो. धरणाच्या भिंतीवर जायचं तर जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आधी हवी. विठ्ठलवाडी ठेवाच: घाटावरून नमुना सुरक्षित घेता येतो. महापालिकेला पत्र देऊन मैलाशुद्धीकरण केंद्र दाखवता आलं तर दिवसाचं सोनं होईल. भिडे पुलावर नमुना घेणं सोपं, पण वाहतुकीत मुलं सांभाळणं अवघड. पुलाच्या टोकाला उभं राहा. मुळा-मुठेचा संगम वगळा. तिथे पोचेपर्यंत ऊन चढतं, मुलं पेंगतात आणि नवीन काही शिकायचं उरत नाही.

काळ डिसेंबर-जानेवारीचा. जून ते ऑक्टोबर नदीपात्रात पाऊल नको, विसर्ग वाढला की पात्रातला रस्ता आणि भिडे पूल बुडतात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. ओढ्यांवर तर आणखी कमी भरवसा: २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने काही तासांत माणसं नेली.

खर्चाचं सांगायचं तर स्वतः बस ठरवा आणि रसायनं शाळेच्या प्रयोगशाळेतून घ्या. साडेनऊशेच्या निम्म्यातही हे बसतं, आणि उरलेल्या पैशांत हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटल्या येतात. त्यांत खुणेपर्यंत पाणी भरून ३० ते ३७ अंशांना ठेवायचं. २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर त्यात मैल्यातले जंतू असण्याची दाट शक्यता. एक बाटली नदीची, एक शाळेच्या टाकीची आणि एक पिण्याच्या नळाची लावा. काळ्या झालेल्या बाटल्या मुलांनी उघडायच्या नाहीत. शिक्षकाने हातमोजे घालून त्यांत ब्लीचिंग पावडरचं दाट द्रावण ओतावं, तासभर ठेवावं आणि मगच शौचालयात रिकामं करावं. टाकीची बाटली काळी पडली तर त्याच दिवशी टाकी उपसायला घ्या, अहवालाचं नंतर बघू.