बॉनेट उघडा, पण ओतायची घाई नको

आधी इंजिन ऑइल. गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली हवीत. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, ओढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, मग पुन्हा काढून वाचा. पहिल्यांदा दिसते ती रेघ खरी मानू नका. नळीला लागलेलं ऑइल पट्टीभर पसरलेलं असतं. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये बहुतेक छोट्या गाड्यांत साधारण लिटरभर ऑइल मावतं, म्हणून एका वेळी पाव लिटरच ओता, पाच मिनिटं थांबा, परत बघा. वरची खूण ओलांडली तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, ऑइल घुसळून त्याचा फेस करतो आणि वंगण नीट पोचत नाही.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, फक्त गार इंजिनात. गरम असताना झाकण फिरवलंत तर उकळतं पाणी थेट हातावर. बोअरचं पाणी तर नकोच, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. कूलंट कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. आधीच पाणी मिसळलेलं प्रीमिक्स तसंच ओतायचं. दर महिन्याला भरावं लागतंय? मग गळती शोधा.

ब्रेक फ्लुइडचं गणित वेगळं. पॅड झिजले की कॅलिपरचे, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन बाहेर सरकतात आणि डबीतली पातळी आपोआप उतरते. म्हणून आधी पॅड बघा. उगाच काठोकाठ भरलं तर नवे पॅड बसवताना ते उतू जातं, आणि सांडेल तिथला रंग खातं. झाकणावर फ्लुइडचा प्रकार डॉट ४ लिहिला असेल तर डॉट ४च, तेही सीलबंद बाटलीतलं. उघडी बाटली हवेतला ओलावा शोषत बसते.

काच धुवायच्या वॉशरच्या टाकीत काय, साधं स्वच्छ पाणीही चालतं.