तुम्ही विचारलंत म्हणून: हे प्लास्टिक खरंच कुजतं का?

मी काय काम करते हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पेंढ्यापासून, चिपाडांपासून प्लास्टिक बनवता म्हणे! मग ते वापरून मातीत टाकलं की कुजून जातं ना?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा असते की पटकन 'हो' म्हणावंसं वाटतं. पण या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ते सोडवल्याशिवाय मी उत्तर देत नाही.

वस्तू कशापासून बनली, हा एक प्रश्न. ती कुजते का, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर ठरत नाही. उसापासून इथेनॉल काढून त्याचं पॉलिथिन बनवतात. मूळ वनस्पतीतलं असलं तरी ते खनिज तेलापासून बनलेल्या पॉलिथिनसारखंच असतं आणि तितकंच चिवट. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक बहुतांशी खनिज तेलापासूनच बनतं, तरी योग्य परिस्थितीत जिवाणू ते खातात. त्याला कारण आहे. जिवाणूला तुमचा कच्चा माल दिसत नाही, त्याच्यापुढे फक्त रेणूंची साखळी असते. ती तोडणारं एन्झाइम त्याच्याकडे असेल तरच तो ती खाणार.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण पटलं ते एका पेल्यामुळे. पीएलएचा पेला होता. वनस्पतींतली साखर आंबवून लॅक्टिक आम्ल मिळवतात आणि त्याच्या साखळ्या जोडून हे प्लास्टिक बनवतात. त्या पेल्याचे तुकडे करून मी साध्या खतखड्ड्यात पुरले. सहा महिन्यांनी खत चाळलं, तेव्हा आजूबाजूचा पालापाचोळा पार मुरून काळा झाला होता आणि माझे तुकडे चाळणीवर खडखडत होते. पाण्याने धुतले तर त्यांच्यावर कातरीची धारसुद्धा जशीच्या तशी.

त्यात त्या पेल्याची काहीच फसवणूक नव्हती. पीएलएची साखळी आधी पाण्याने तुटावी लागते, त्याशिवाय जिवाणूंना ती खाता येत नाही. हे तुटणं वेगाने व्हायला साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान लागतं. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातले ढीग ही ऊब आठवडेच्या आठवडे धरून ठेवतात, छोटा खड्डा लगेच निवतो. युरोपातलं 'ईएन १३४३२' हे मानक अशाच प्रकल्पांसाठी आहे. १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त माल उरता कामा नये आणि ६ महिन्यांत ९० टक्के कुजणं पूर्ण व्हावं, असं ते सांगतं. म्हणून पाकिटावर 'कंपोस्टेबल' असं दिसलं की मी लगेच विचारते, कुठल्या ढिगात?

आता कच्च्या मालाकडे येते, कारण माझे दिवस खरं तर तिथेच जातात. पेंढा असो, गव्हाचं काड असो की उसाचं चिपाड, साखर सगळ्यांत भरपूर असते, पण कुलपात. सेल्युलोजचे धागे, त्यांना वेढणारं हेमिसेल्युलोज आणि या सगळ्याला घट्ट धरून ठेवणारं लिग्निन अशी ती रचना असते. वारा-पावसात उभं राहता यावं आणि किडीला दाद देऊ नये, म्हणून वनस्पतीने ती घडवलेली आहे. आपण येऊन म्हणणार, उघड. ती सहजासहजी उघडत नाही.

मग पेंढा दाबाखालच्या वाफेत शिजवायचा आणि दाब एकदम सोडायचा, म्हणजे धागे फुटून विस्कटतात. नाहीतर सौम्य आम्लात उकळायचा. त्यानंतर एन्झाइमं घालून साखर सुटी करायची. शिजवणं जरा जास्त झालं की हेमिसेल्युलोजच्या साखरेचं फर्फ्युरल होतं. एकदा माझ्याकडून असंच झालं. भांडं उघडलं तर कडू बदामासारखा वास. रस गडद तपकिरी दिसत होता, साखरही मोजून पुरेशी भरली. तरी त्यात सोडलेले जिवाणू वाढलेच नाहीत. फर्फ्युरल त्यांना विष असतं. आठवड्याचं काम थोड्या जास्तीच्या आचेवर गेलं. लोकांना वाटतं, अवघड आहे ते प्लास्टिक बनवणं. माझ्या मते पेंढ्यातून जिवाणूला चालेल अशी साखर काढणं त्याहून अवघड आहे.

जिवाणूंचं म्हणाल तर या सगळ्या कामात माझा जीव त्यांच्यावर आहे. फ्रान्समधल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मोरिस लमॉन्य यांनी १९२६ साली जिवाणूंच्या पोटातला पीएचबी हा पदार्थ ओळखला, म्हणजे जिवाणू स्वतःच बनवतात ते प्लास्टिक. साखर मुबलक असली पण नायट्रोजन तुटपुंजा पडला की जिवाणूची वाढ खुंटते. अशा वेळी तो उरलेली साखर पीएचबीच्या कणांच्या रूपात साठवून ठेवतो, पुढच्या उपासाची बेगमी म्हणून. सुदान ब्लॅक या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की पेशींमध्ये काळे ठिपके दिसतात, पपईतल्या बियांसारखे. काही जातींमध्ये कोरड्या वजनाचा ८० टक्के भाग या ठिपक्यांचाच असतो. कितीही वेळा पाहिलं तरी मी त्या काचेवरून लवकर उठत नाही.

पीएचबी मातीतही कुजतं, त्याला साठ अंशांची ऊब लागत नाही, कारण ते खाणारे जिवाणू मातीत आधीपासूनच आहेत. मग सगळीकडे तेच का नाही? एक तर ते ठिसूळ असतं. साधारण १७५ अंशांना वितळतं आणि त्याच्या थोडं वर गेलं की बिघडायला लागतं, त्यामुळे साच्यात ओतणाऱ्याला हात आखडून काम करावं लागतं. साखरही फार खातं. कागदावरच्या हिशेबानेसुद्धा ग्लुकोजच्या जेमतेम निम्म्या वजनाइतकं पीएचबी मिळतं, पीएलए मात्र ८० टक्क्यांपर्यंत. शिवाय पेशींतून ते बाहेर काढायला प्रयोगशाळेत आम्ही क्लोरोफॉर्म वापरतो, हे मला मनापासून खटकतं. मातीला जपणारी वस्तू विषारी द्रावकात विरघळवून मिळवायची! दुसऱ्या वाटा आहेत, पण त्यांत साखळ्या तुटतात किंवा माल तितका शुद्ध निघत नाही. सध्या मी याच अडचणीपाशी आहे.

आणि 'टाकाऊ' हा शब्द जपून वापरा, एवढी विनंती. कडबा गुरांच्या पोटात जातो, पाचट जमिनीवर पसरलं तर ओल धरतं आणि सेंद्रिय कर्ब वाढवतं. जो पेंढा नाहीतर जाळलाच जाणार आहे, तो जरूर घ्यावा. जमिनीच्या तोंडचा घास काढून पिशव्या बनवायला माझी तयारी नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: काही कुजतात, काही ठरावीक ढिगातच कुजतात, काही कधीच नाही. खिडकीत माझी एक काचेची बरणी आहे, ओलसर मातीने भरलेली. पेंढ्याच्या साखरेवर वाढलेल्या जिवाणूंच्या पीएचबीची पातळ चकती मी तिच्यात काचेला लागून पुरली आहे, बाहेरून दिसावी म्हणून. पाचव्या आठवड्यात तिच्या कडा झिजायला लागल्या. काल पाहिलं तर मधोमध भोक पडलंय, आणि त्यातून पलीकडची माती दिसते.