परळची आजची दुपार

आज परळला असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया या आम्हा डॉक्टरांच्या संघटनेच्या मीटिंगमध्ये माझं डेंग्यूवरचं रिसर्च पोस्टर होतं. एक सीनियर मॅडम थांबल्या, टेबलवर बोट ठेवून एकेक आकडा वाचला नि म्हणाल्या, असेच पेशंट ठाण्याला माझ्याकडेही आहेत, डेटा एकत्र करूया का? लगेच तिथेच एका स्टॅटिस्टिशियनशी गाठ घालून दिली!! ओपीडी, वॉर्ड, इमर्जन्सी सांभाळून रिसर्च करायचा तर डिपार्टमेंटमध्ये विचारायला निवांत माणूस मिळत नाही हो, तो इथे भेटतो. ही असोसिएशन 1944 पासूनची, स्वतःचं जर्नल आहे. ज्युनियर्सनो, नुसती मेंबरशिप घेऊन बसू नका, कमिटीत काम मागा, सीनियर्सना पेपर दाखवा. मॅडमनी आता रिसर्चला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीसाठी प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) लिहायला सांगितलाय, आज रात्रीच बसतेय.