सिगारेट ओढणाऱ्यांना कोरोना कमी झाला, हे खरं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण हे मला अजूनही विचारतात, लग्नात विचारतात, एसटीत शेजारी बसलेले विचारतात, की सिस्टर, सिगारेट ओढणाऱ्यांना कोरोना कमी होतो असं रिसर्चमध्ये आलं होतं ना? हो, आलं होतं. एप्रिल २०२० मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या हॉस्पिटलने सांगितलं की त्यांच्या कोविड पेशंटमध्ये रोज ओढणारे जेमतेम ५ टक्के आहेत, आणि तिथे एरवी साधारण चारात एक माणूस ओढतो. मग तंबाखूतलं निकोटिनच वाचवतं की काय अशी चर्चा सुरू झाली, लोक निकोटिनच्या पॅचवर, म्हणजे कातडीला चिकटवायच्या पट्ट्यांवर, तुटून पडतील म्हणून फ्रान्स सरकारने विक्रीवर मर्यादाही घातली. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर त्यातली फक्त पहिली ओळ फिरली.

मी तेव्हा कोविड वॉर्डात होते. ॲडमिशनच्या फॉर्मवर बीपी, शुगर, दमा आणि त्याखालीच तंबाखू-सिगारेटचा रकाना. २०२१ च्या एप्रिलमध्ये पेशंट यायचा तोच धापा टाकत, सॅच्युरेशन ८० च्या खाली, नातेवाईक गेटबाहेर, आता त्याला आधी ऑक्सिजन लावू की दिवसाला बिड्या किती ते विचारू? रकाना तसाच राहायचा आणि सकाळी कॉम्प्युटरवर चढवताना रिकाम्याचं ‘नाही’ व्हायचं. मुद्दाम कुणी करत नव्हतं, पण व्हायचं.

एक काका होते, फॉर्मवर लिहिलेलं ‘व्यसन नाही’. ऑक्सिमीटर लावायला मी त्यांचा उजवा हात हातात घेतला तर तर्जनी आणि मधलं बोट नखापासून पहिल्या पेरापर्यंत पिवळट तपकिरी, नखाची कडसुद्धा. म्हटलं, काका, बिडी? मास्कमधून बघत राहिले आणि मग हळूच मान हलवली. गेटवर माहिती दिली होती मुलाने, आणि मुलाला खरंच माहीत नव्हतं, काकांनी आयुष्यभर पोरासमोर कधी ओढली नव्हती.

पॅरिसचा आकडा असाच आला असं मी म्हणत नाहीये, तिथली कारणं वेगळी असतील, आजारी पडल्यावर सिगारेट सोडलेला माणूसही ‘आता ओढत नाही’ असंच सांगतो. पण नंतर फ्रान्समध्येच आयसीयूतल्या पेशंटना पॅच लावून बघितलं तर मृत्यू कमी झाले नाहीत. आणि डब्ल्यूएचओने मे २०२० मध्येच सांगितलं होतं की ओढणाऱ्यांना कोविड गंभीर व्हायचा धोका जास्त. साधं आहे हो, श्वासनळीत जे बारीक केस कचरा वर ढकलतात ते धुराने आधीच निकामी झालेले, त्यात हा व्हायरस.

शिवाय टपरी आठवा ना, खांबाला लटकलेला जळता काथ्या, दहा जण हात लावणार, मास्क हनुवटीवर, आणि एकच सिगारेट दोघांत. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी घातली, कारण सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचं इशाऱ्याचं चित्र दिसतच नाही, मला तो निर्णय फार पटला होता, पण आमच्या कोपऱ्यावर आजही सुटी मिळते आणि त्याचा मला खरंच राग येतो.

काका वाचले. त्या रात्रीनंतर मी रिकाम्या रकान्यात ‘विचारता आलं नाही’ असं लिहायला लागले, आणि पेशंटला जरा बोलता यायला लागलं की परत जाऊन विचारायची, नातेवाईक जवळ नसताना.