मोशीची बिबी

टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी गावात उतरणारे बहुतेक जण शिखरासाठी येतात. मी मात्र वर गेले नाही. जिच्या घरी उतरले होते ती शाळेत शिक्षिका. तिच्याबरोबर दालादाला, म्हणजे तिथली वडाप, पकडून मारांगूच्या बाजूला गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, त्यांच्या सावलीत कॉफी.

तिच्या ओळखीच्या घरी ओसरीवर एक मुलगी वही घेऊन बसली होती, मांडीवर दीड वर्षाचं बाळ. मला बघून उठली, "शिकामो" म्हणाली. थोरांना करायचा हा नमस्कार. "मराहाबा," मी म्हटलं, एवढं शिकून गेले होते. मग ती मला 'दादा' म्हणायला लागली. स्वाहिलीत दादा म्हणजे ताई!

टांझानियात दिवस गेलेल्या मुलीला शाळेतून काढून टाकत, बाळंतपणानंतरही सरकारी शाळेत परत घेत नसत. नोव्हेंबर 2021 मध्ये ही बंदी उठली, म्हणून ही मुलगी आज शाळेत आहे. 2016 पासून फॉर्म फोरपर्यंत, म्हणजे सेकंडरीच्या चौथ्या वर्षापर्यंत, फीही नाही. येताना वाटेत शिक्षिकेने मुलींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या रेबेका ग्युमींबद्दल सांगितलं होतं. 1971 च्या कायद्यात मुलीचं लग्न पालकांच्या संमतीने पंधराव्या वर्षी लावायची मुभा होती. त्याविरुद्ध त्या कोर्टात गेल्या, 2016 मध्ये जिंकल्या, 2019 मध्ये अपिलातही निकाल टिकला.

पण मुलगी शाळेत गेल्यावर बाळाला दिवसभर सांभाळायचं कुणी? कुठल्याच निकालात याचं उत्तर नाही. या घरात ते काम आजी करते, बिबी. ज्या घरात बिबी नाही तिथली मुलगी घरीच राहते, आणि मला हेच सगळ्यात जास्त खुपलं.

तिची वही मी मागून घेतली. प्राथमिक शाळा स्वाहिलीत, सेकंडरीला एकदम सगळं इंग्रजीत. 'फोटोसिंथेसिस'च्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात 'उसानिसिनुरू'. जवळपास प्रत्येक ओळीवर अशी दुसरी ओळ. जिल्हा परिषदेच्या शाळेतून अकरावी सायन्सला गेले तेव्हा मीही 'मॉलिक्यूल'वर 'रेणू' लिहायचे. पण तेव्हा माझ्या मांडीवर मूल नव्हतं.

बाळ पानं ओढायला लागलं तशी बिबी आली. कांग्याने, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात त्या सुती कापडाने, त्याला पाठीशी बांधलं आणि केळीत निघाली. जाता जाता नातीला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?" मी शिक्षिकेला विचारलं.

"अंधार पडायच्या आत वाचून घे, म्हणाली."